तीन रुपये, एकच वजन

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफपेठेतल्या, एका सराफाच्या गादीवर तीन रुपये मांडले होते. माझा धाकटा चुलतभाऊ बाळू ते शिरोळहून आजीच्या डब्यातनं घेऊन आला होता. एक १९१८ चा, पंचम जॉर्जचा. दुसरा १९४४ चा, सहाव्या जॉर्जचा. तिसरा १९५० चा, एका बाजूला सिंहमुद्रा आणि दुसऱ्या बाजूला गव्हाची कणसं असलेला. सराफांनी एकेक नाणं काट्यावर ठेवलं. तिन्ही साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरली. मग त्यांनी ड्रॉवरमधून लोहचुंबक काढून नाण्यांजवळ नेलं. पहिली दोन जागची हलली नाहीत. तिसरं टुणकन उडून चुंबकाला चिकटलं.

"निकेल," सराफ म्हणाले. "पहिल्यात चांदी सुमारे दहा ग्रॅम सातशे मिली. दुसऱ्यात निम्मी. ह्या तिसऱ्यात न्हाईच."

"म्हंजे वजन त्येच, नाव त्येच, आन माल गायब?" बाळूनं विचारलं.

बाळू नाणी विकायला आलाच नव्हता. त्याच्या खात्यात सहा लाख रुपये पडून होते, ऊसबिल आणि विकलेले चार गुंठे मिळून. मेहुणा म्हणत होता सोनं घे. एका पतसंस्थेचा पोरगा रोज दारात येऊन बसत होता. भाचा मोबाईलवर बिटकॉइनचा आलेख दाखवत होता. मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात चौदा वर्षं हिशेब लिहितो, त्यामुळं घरातला पैशाचा प्रत्येक प्रश्न माझ्यापुढं येतो. दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्याला स्वतःचे राखता येतात, असा लोकांचा समज असतो. मला ते जमलेलं नाही, त्याची गोष्ट पुढं येईलच. पण ती तीन नाणी बघून वाटलं, बाळूच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्या गादीवरच पडलंय.

मुळात रुपया हे वजन होतं. शेरशाह सूरनं सोळाव्या शतकात चांदीचा रुपया पाडला, आणि इंग्रजांनी १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हाच जुना तोळा. तोळा आणि रुपया ही एकाच वजनाची दोन नावं होती. म्हणून जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणायची आणि ऐंशी रुपयाभार म्हणजे एक शेर धरायची. (आजचा गुजरीतला तोळा दहा ग्रॅमचा. आजीच्या दागिन्यांच्या जुन्या यादीत 'वीस तोळे' लिहिलं असेल तर ते २३३ ग्रॅम होतात, २०० नव्हे. वाटणीच्या वेळी ह्यावरून भावंडांत संशय माजलेला मी पाहिलाय.)

दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदीची चणचण भासू लागली, आणि १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ मध्ये ती पूर्ण काढून निकेल घातलं. वजन तेच, नाव तेच. आज २०११ नंतरचं एक रुपयाचं स्टीलचं नाणं चार ग्रॅमही भरत नाही. हे काही आपल्याच सरकारचं किंवा इंग्रजांचं खास पाप नव्हे. रोमच्या ऑगस्टसच्या काळात दिनार जवळजवळ शुद्ध चांदीचा होता, तिसऱ्या शतकात त्यात चांदीचा नुसता मुलामा उरला. युद्ध आलं, खजिना आटला की राजाला दोन वाटा असतात. कर वाढवायचा, नाहीतर नाणं पातळ करायचं. कर वाढवला की लोक बोंब मारतात. नाणं पातळ केलं तर बराच वेळ कुणाला कळत नाही.

आजीला मात्र कळलं होतं. १९१८ चा रुपया डब्यात गेला, कारण त्या वेळी बाजारात हलका रुपयाही तेवढ्याच किमतीला चालत होता. मग भारी रुपया कोण खर्च करील? हलकं नाणं हातोहात फिरतं, भारी नाणं गाठोड्यात दडतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला ग्रेशमचा नियम म्हणतात. आजी शाळेत गेली नव्हती.

सराफ आणि पोतदार ह्या लोकांचा धंदाच त्यातून उभा राहिला. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालायचे. प्रत्येकात चांदी वेगळी, झीज वेगळी. पोतदार नाणं पारखायचा आणि कसर कापून घ्यायचा, तो बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तोच हा बट्टा. 'बंदा रुपया', 'खोटा पैसा', 'चलनी नाणं' हे शब्द आपण आता माणसांसाठी वापरतो, पण मुळात ते पारख करायचे शब्द आहेत.

हे ऐकून बाळूनं जो निष्कर्ष काढला तो शंभरातले नव्वद लोक काढतील. "मग कागद नकोच. चांदी घेतो सगळ्याची."

इथं थांबायला हवं, कारण चांदीनंही एकदा आपल्याला असंच बुडवलंय. १८७० च्या सुमारास दहा रुपयांना एक पौंड मिळायचा. मग जर्मनी सोन्याच्या चलनाकडं वळली, तिच्यामागं इतर देश वळले, त्यांची जुनी चांदी बाजारात आली आणि अमेरिकेच्या खाणींतून नवी चांदी ओतली गेली. १८९३ पर्यंत त्याच पौंडाला सोळाएक रुपये पडू लागले. शेवटी सरकारला टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद करावं लागलं. रुपयात भेसळ कुणीच केली नव्हती, पुरी ९१.७ टक्के चांदी होती. तरी तो पडला, कारण चांदीच उदंड झाली. चांदीचा हा लहरी स्वभाव हुपरीच्या चांदी-कारागिरांना कुणी सांगायला नको.

आणखी मागं गेलं तर कवडीचं असंच झालंय. अंबाबाईच्या देवळाबाहेर कवड्यांच्या माळा मिळतात. एकेकाळी ह्याच कवड्या मालदीवहून जहाजं भरभरून बंगालात यायच्या आणि पैसा म्हणून चालायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटीही बंगालच्या सिल्हेट भागाचा शेतसारा कवड्यांत भरला जायचा. पश्चिम आफ्रिकेतही कवडीचा पैसा होता. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तसल्याच कवड्या तिकडं नेऊन ओतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं धन खरोखर कवडीमोल झालं. ज्यांनी साठवलं होतं त्यांची चूक एवढीच, की दूरच्या किनाऱ्यावर आणखी किती कवड्या आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून कुठल्याही 'पैशा'पुढं पहिला प्रश्न असा: हे आणखी किती निघू शकतं, आणि ते काढणं कुणाच्या हातात आहे?

ह्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर दिलेलं नाणं आपल्या बायकांच्या गळ्यात आहे, फक्त आपण त्याला दागिना म्हणतो. पुतळ्यांची माळ. इटलीतल्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं १२८४ पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं काढलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियननं व्हेनिस घेईपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षं, त्याचं वजन आणि कस त्यांनी बदलला नाही. राज्यकर्ते येत राहिले, युद्धं झाली, नाण्याला कुणी हात लावला नाही. म्हणून ते मिरी-मसाल्याच्या व्यापारातून इतक्या दूर येऊनही आपल्या सराफांनी डोळे मिटून घेतलं. त्यावर उभ्या आणि गुडघे टेकलेल्या माणसांच्या आकृत्या होत्या, म्हणून आपण त्याला पुतळी म्हटलं. भोक पाडून, कडी लावून ओवलं. ख्रिस्ती संताची आकृती मराठी बाईच्या गळ्यात बसली आणि कुणाला काही वाटलं नाही. पुढं आपल्याच सोनारांनी लक्ष्मीचे, रामसीतेचे ठसे मारून पुतळ्या केल्या. आमच्या घरातली माळ तशीच, इथली. पण घाट व्हेनिसचा.

तर सोनं चांगलं, हे मेहुण्याचं म्हणणं खोटं नाही. अर्धवट आहे. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरला टेकलं. तो भाव पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! मधल्या काळात ते तीनशे डॉलरच्याही खाली गेलं होतं. आपल्याकडं रुपया घसरत गेल्यामुळं हा खड्डा इतका खोल दिसला नाही, एवढंच. त्याआधी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभरातले सोनार बेकार झाले. गुजरीतली म्हातारी माणसं अजून त्या दिवसांची नावं काढतात. म्हणजे सोन्याचं प्रमाण कुणाच्या हातात नसलं तरी ते तुम्ही कसं ठेवायचं, घडवायचं, विकायचं हे सरकारच्या हातात असू शकतं. सोनं म्हणजे छत्री. पाऊस येईल म्हणून जवळ ठेवायची. त्या भरवशावर रोज भिजायला जायचं नाही. आणि सरकारसुद्धा ती छत्री तशीच वापरतं. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी पाठवलं.

पण सोन्याचांदीच्या ह्या गोष्टीत आपण एक मोठी गल्लत करतो. शाळेत शिकवलं जातं की आधी वस्तूच्या बदल्यात वस्तू होती, मग नाणी आली, मग नोटा, मग खाती. प्रत्यक्षात क्रम जवळजवळ उलटा आहे. गोधन तर होतंच (लॅटिनमध्येही पैशाचा शब्द गुराच्या शब्दावरूनच आलाय), पण मेसोपोटेमियात मातीच्या विटांवर देणं-घेणं लिहून ठेवलेलं सापडतं ते पहिल्या नाण्याच्या दोन हजार वर्षं आधीचं. आधी खातं, नंतर नाणं. मला ह्यात नवल वाटत नाही. आमच्या दुकानात शेतकरी हंगामाआधी उचल नेतो. गूळ येतो, सौदा निघतो, आम्ही पट्टी करतो. हमाली, तोलाई, अडत, उचल वजा. कित्येकदा शेवटी हातात येणारी रोकड नगण्य असते. व्यवहार लाखाचा झालेला असतो, पैसा दिसलेलाच नसतो. दिसते ती वही.

पैसा म्हणजे मुळात कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतो ह्याची नोंद. त्या नोंदीवर लोकांचा विश्वास, ती पत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी, सातवाहन काळातली शिशाची नाणी सापडली, धनुष्यबाणाच्या चिन्हाची, इथल्या कुर राजांची. शिशाला कोण विचारतो? तरी दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरात त्यावर भाजी येत असणार, कारण त्यामागं राजा उभा होता. मुहम्मद तुघलकानं १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या भावानं चालवायला काढलं तेव्हा कल्पना हीच होती. त्याला आपण वेडा ठरवलं, पण त्याची कल्पना आजच्या नोटेसारखीच होती. चुकला तो एका जागी. त्या नाण्याची नक्कल कुणालाही घरात करता येत होती. आणि लोकांनी केली.

आता खिशातली नोट बघा. 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ.' हे वचन घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर काय मिळेल? शंभर रुपये. म्हणजे दुसरी नोट. कायद्यानं नोटांमागं किमान २०० कोटींचा साठा ठेवावा लागतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. चलनात असलेल्या नोटा मात्र ३० लाख कोटी रुपयांच्या वर आहेत. प्रत्यक्षात बँकेकडं ह्या किमान आकड्याच्या कितीतरी पट सोनं आणि परकीय चलन आहे, घाबरायचं कारण नाही. पण नोट सोन्याशी बांधलेली नाही, हे समजून घ्यायचं. ती बांधलेली आहे महागाई आटोक्यात ठेवण्याच्या सरकारच्या शब्दाशी. तो शब्दही उघड आहे: महागाई ४ टक्के, दोन इकडंतिकडं. म्हणजे रुपया दरवर्षी थोडा झिजेल, हे ते आधीच सांगून टाकतात. १९४० मध्ये चांदी काढून जे एका दिवसात झालं, ते आता हळूहळू होतं.

किती हळू? ७२ ला महागाईच्या दरानं भागा. ६ टक्के असेल तर १२ वर्षं. बारा वर्षांत लाखाची खरेदी पन्नास हजारांवर येते, नोटा एकही कमी न होता. बाळू ठेव ठेवणार ७ टक्क्यांनी. समजा त्यातल्या व्याजावर २० टक्के कर गेला, उरले ५.६. महागाई ६ असेल तर पासबुकात आकडा वाढतोय आणि माणूस गरीब होतोय. पासबुकाला चुंबक लावून बघायची सोय नाही, म्हणून कळत नाही.

जुन्या गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर धान्यात बलुतं मिळायचं. त्याला महागाई शिवत नव्हती, दुष्काळ शिवायचा. पगारदाराचं बरोबर उलटं. दोन्हींपासून सुटका देणारी जागा मला अजून सापडलेली नाही.

आता माझी गोष्ट. बरीच वर्षं झाली. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त मिळतात म्हणून मी एका पतसंस्थेत दोन लाख ठेवले. संचालक ओळखीचे, ऑफिसला नवीन फरशी, दिवाळीला भेटवस्तू. एक दिवस शटर अर्धं खाली दिसलं, आणि पुढं मुद्दल हप्त्याहप्त्यानं हातात यायला सात वर्षं गेली. व्याज नाहीच. तेव्हा मला इतिहास माहीत असता तर एक प्रश्न विचारला असता. १९६० मध्ये केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या हलकल्लोळातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून बँकेतल्या ठेवीला विमा आला. सुरुवातीला तो १,५०० रुपयांचा होता. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांना तो लागू आहे. पतसंस्थांना नाही. दोन्हींच्या पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं असतं, दोन्हींचा पोरगा दारात येतो. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, माझ्या बहिणीची उत्तम चाललीय. पण तिथले जादा तीन टक्के म्हणजे बक्षीस नव्हे. विमा नसल्याची ती किंमत असते.

बाळूच्या बाबतीत खरी अडचण ठेवीची नव्हतीच. बोलता बोलता कळलं की वहिनींची चार तोळ्यांची पाटली बँकेत सोनेतारण पडलीय, साडेदहा टक्क्यांनी. मी पेन खाली ठेवलं. ठेव सातनं आणि कर्ज साडेदहानं, हा हिशेब कुठल्याच राजाच्या काळात बसलेला नाही.

कर्जाचा इतिहास मी त्याला जरा जास्तच सांगितला, कारण तो आपला आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि दख्खनच्या कापसाचा भाव कोसळला. शेतसारा मात्र रोख, ठरलेला. शेतकऱ्यानं सावकाराकडून कर्ज काढलं, खतावर, म्हणजे कर्जाच्या कागदावर, अंगठे दिले. पिकाचा भाव खाली आला, खतावरचा आकडा खाली आला नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि तो नगर जिल्ह्यापर्यंत गेला. दंगेखोरांचा मुख्य रोख कशावर होता? खतांवर. वह्या आणि कागद बाहेर काढून जाळले. पैसा म्हणजे नोंद, हे त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा नीट कळलं होतं.

महागाई कर्जदाराच्या बाजूची असते हे खरं. १९२३ च्या जर्मनीत मार्क इतका पडला की घरावरचं कर्ज पावाच्या किमतीत फिटलं. पण ते ज्याचं उत्पन्न महागाईबरोबर वाढतं त्याच्यासाठी. उसाचा दर तसा वाढतो का, हे शिरोळच्या माणसाला मी काय सांगणार.

बिटकॉइनचं मी दोन मिनिटांत आवरलं. २ कोटी १० लाखांच्या वर ती निघणार नाहीत, म्हणजे पहिल्या प्रश्नाला उत्तर चांगलं आहे. पण डुकाटला पाचशे वर्षं झाली होती, ह्याला २००९ पासूनची वर्षं मोजा. शिवाय नफ्यावर ३० टक्के कर, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. भाच्याला म्हटलं, तुझ्या पगारातनं घे, बाळूच्या ऊसबिलातनं नको.

पुढच्या आठवड्यात बाळूनं जे केलं ते असं. पाटली सोडवली. चार महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात ठेवला. काही रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून टाकली. पोरीच्या नावानं शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या फंडात दरमहा दोन हजार चालू केले, ते मी खूप मागं लागल्यावर. पतसंस्थेच्या पोराला चहा पाजून परत पाठवलं. आणि मला न सांगता सव्वा लाखाची मुऱ्हा म्हैस आणून दारात बांधली.

मी फोनवर कपाळाला हात लावला. "आरं, मी तुला दोन हजार वर्षांचा इतिहास सांगितला आणि तू म्हैस घेतलीस?"

"तूच म्हणालास न्हवं दादा, सगळ्याच्या आदी गोधन हुतं म्हणून."

म्हैस दुसऱ्या वेताची आहे, दोन्ही वेळचं मिळून अकरा-बारा लिटर देते. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल खात्यावर पडतं. १९१८ चा आणि १९४४ चा रुपया परत डब्यात गेला. निकेलचा बाहेरच आहे. बाळूचं धाकटं पोरगं दिवसभर तो चुंबकाला लावून घरभर हिंडवतं.